लढाई संपते केव्हा?

आम्ही मेहरूणमध्ये राहतो आणि उर्दू शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला फळ्यावर दोन रकाने पडतात : कोण जिंकले, कोणत्या साली. मागे गाझाची दृश्ये मोबाईलवर पाहिलेल्या एका मुलाने विचारले, "सर, जंग थांबली की सगळं पहिल्यासारखं होतं ना?" आम्ही "इन्शाअल्लाह" म्हणून वेळ मारून नेली. वास्तविक उत्तर आमच्या खानदेशातच होते.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. १८०३-०४ मध्ये दुष्काळ आला. तो नुसता आभाळाने धाडलेला नव्हता. पीक गेले, बैल गेले, बियाणेही खाऊन संपले, मग पाऊस पडून तरी काय उगवणार? पुढे पेंढारी आले. गावे उठली. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा शेतांत रान माजले होते आणि रानात वाघ होते.

पांझरेवरचे फड बंधारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लवकर समजेल. बंधारा एक, पाट एक, पाण्याची पाळी सर्वांची. पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढायचा. अर्धे गाव पळाले तर उरलेल्यांच्या हातून तो निघत नाही. पाणी येईनासे होते आणि मग उरलेलेही निघतात. दगडी भिंत पुन्हा बांधता येते, पण पाळीवरचा विश्वास कोणता गवंडी बांधणार?

आणि भिल्ल? गावाची राखण त्यांच्याकडे, तिचा हक्क गावाकडून मिळायचा. गावच उठल्यावर तो देणार कोण? पोटासाठी डोंगरातून उतरले ते दरोडेखोर ठरले. (मुलूख लुटणाऱ्या फौजांना मात्र आम्ही फौजच म्हणतो.) १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला त्याच भिल्लांची पलटण उभारली.

शामकडे निघालेल्या फौजेला हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दिलेली ताकीद आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो : बाई, मूल, म्हातारा मारू नका, फळझाड तोडू नका, वस्ती उजाड करू नका. यातली झाडाची बाब आम्हाला पूर्वी दयेची वाटे, आता हक्काची वाटते. आमच्या मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. एका पिढीने लावलेली बोर पुढच्यांना फळ देते. ती तोडणारा जन्मालाही न आलेल्या माणसाशी लढत असतो. त्याच्याशी कसले वैर? आणि त्याच्या वतीने माफी तरी कोण देणार?

आमचे एक सहकारी म्हणतात, समोरचा झाडे तोडत असेल तर आपण हात बांधून बसायचे काय? प्रश्न खोटा नाही. पण ती ताकीद, आपली बाजू हक्काची आहे असे मानणाऱ्यांनाच दिली होती. भान सुटण्याची भीती त्यांनाच अधिक असते.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर तिसरा रकाना आखला : शेत पुन्हा कधी पेरले? त्यात लिहायला पुस्तकात साल सापडले नाही.