दोन गावं, दोन नोकऱ्या

गेल्या पंधरवड्यात 'पंचायत' ही 2020 साली सुरू झालेली मालिका पुन्हा पाहिली. नोकरीपायी फुलेरा गावात येऊन पडलेला सचिव, त्याची चाकांची खुर्ची आणि त्या खुर्चीवरून फुगून बसणारा नवरदेव! हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मात्र गावातल्याच प्रल्हादचाचांच्या फौजी मुलाचं शव येतं, तेव्हा हातातला चहा निवून गेला.

मग कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी काढली. 1955 ची. इथेही नोकरीसाठी आलेला कोवळा मास्तर, इथेही आधी जोखणारं आणि मग जीव लावणारं गाव. पण ही औंध संस्थानातली धनगरांची वाडी. पोरं शाळेत बसली तर मेंढरांमागं कोण जाणार? तरी मास्तर रुजतो, गावाला जोडीला घेऊन तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. मालिकेला पुढचं पर्व काढावंच लागतं. माडगूळकर तिथेच थांबतात.

मालिका उत्तम, कादंबरी तिच्याहून पुष्कळ वरची. आज सुट्टी असेल तर उघडा. दिवेलागणीपर्यंत वाचून होते.