गाऱ्हाण्याला जागा

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने अशा लाखो माणसांना घरांतून उठवलं, मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. भुकेने, थंडीने, टायफसने घराघरातली माणसं गेली. सुटकेनंतर वाचलेल्यांपैकी काही इराणमार्गे करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात आली. अनेकींचे नवरे, भाऊ तेव्हा लढाईवर होते. काहींचा ठावठिकाणाच नव्हता.

छावणीत शाळा झाली, दवाखाना झाला, आणि चर्चही झालं. अन्नाने आणि औषधाने शरीर सावरतं. चर्चमध्ये या माणसांना काय मिळालं असेल?

पहिली गोष्ट, शोकाला तिथी मिळाली. कॅथलिक परंपरेत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या सुमारास पोलिश माणसं कबरींवर मेणबत्त्या लावतात. पण रेल्वेरुळाकडेला पुरलेल्या बाळाची कबर कुठे शोधायची? ज्या आईला मूठमातीही नीट देता आली नाही, तिचं दुःख वर्षभर वाट चुकलेलं असतं. मृताचं नाव घेऊन सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, की निदान त्या दिवशी ते एकटीचं राहत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ख्रिस्ती श्रद्धेत तक्रारीला मज्जाव नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाकडे मांडलेली गाऱ्हाणी आहेत. खुद्द येशूने क्रुसावरून देवाला विचारलं, की तू मला का सोडलंस? विठोबाला खडसावणाऱ्या जनाबाईच्या मुलखाला हे परकं वाटू नये. देवाशी भांडणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो.

चूक होते ती सांत्वन करणाऱ्यांची. बायबलमधल्या ईयोबाचं सर्वस्व गेलं, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली, आणि ईयोबाच्या जखमेवर मीठ चोळलं.

आज सीरिया, सुदान, युक्रेनमधून परागंदा झालेल्यांनाही असे मित्र भेटतात. कुणी म्हणतं, ‘देवाची इच्छा.’ कुणी म्हणतं, ‘क्षमा कर आणि विसरून जा.’ क्षमा हा ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा खराच. पण ती दुखावलेल्याने आपल्या वेळेला द्यायची असते, सुरक्षित बसलेल्यांनी वसूल करायची नसते. पुनरुत्थित येशूने थोमा या शिष्याला आपल्या जखमा दाखवल्या, त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. तेव्हा बरं होणं म्हणजे व्रण नाहीसे होणं नव्हे. ते लपवावे न लागणं, हेच पुष्कळ आहे. आणि असहाय माणसाला आधार देताना त्याच्या श्रद्धेचा सौदा तर मुळीच करू नये.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. देव बदलले, प्रार्थना बदलल्या, शेजाऱ्याचं कर्तव्य बदललं नाही. आलेल्याला छप्पर द्यावं, आणि तो बोलू लागला की त्याचं बोलणं संपेपर्यंत आपला उपदेश आवरावा.