लपविणे आणि फसविणे

पत्त्यांच्या खेळावरून नीतीचे विवेचन करणे म्हणजे गुत्त्यात बसून गंगामाहात्म्य सांगण्यासारखे आहे, असे आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांचे मत आहे. देवळाच्या सभामंडपाशी ज्यांचे नाते आहे अशा वाचकांसमोर हा विषय मांडताना त्यांची आठवण होऊन लेखणी क्षणभर अडखळली, हे प्रथमच कबूल करतो. तथापि आपली परंपरा या बाबतीत आपण समजतो तितकी एकमार्गी नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे आणि कौरवसभेतील द्यूताने काय अनर्थ झाला हे पोराबाळांनाही ठाऊक आहे. पण त्याच परंपरेने कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नाव दिले आणि कोजागरीच्या जागरणात फासे खेळण्यास मुभा ठेविली. कौटिल्याने तर द्यूतावर देखरेखीसाठी द्यूताध्यक्ष नेमून खोटे फासे वापरणाऱ्यास दंड सांगितला. यावरून दिसते ते हे की, खेळ, जुगार आणि कपट या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

यांपैकी पहिल्या दोहोंतील भेद आमच्या न्यायालयांनीही केला आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर हैदराबादच्या जुगार कायद्याखाली खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1967 साली न्या. हिदायतुल्ला यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पत्ते पिसून वाटले की दैवाचा अंश आलाच. परंतु रमीतील दैव हे ब्रिजच्या डावातील दैवाच्याच जातीचे आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. म्हणजे ब्रिज हा कौशल्याचा खेळ, हे तेथे गृहीतच धरले होते. पैशाची पैज नसलेल्या ब्रिजविषयीच मी लिहीत असल्यामुळे जुगाराचा प्रश्न येथे सोडून देतो. मला बोलावयाचे आहे ते तिसऱ्या गोष्टीविषयी, कपटाविषयी. आणि तेही दुसऱ्याच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या.

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे आमचे गाव. येथे बाजारात तेलुगू आणि घरात मराठी, अशी बहुतेकांची वहिवाट. कापूस घरात आला की माणसांना थोडी उसंत मिळते आणि त्या दिवसांत आम्ही चौघे रात्री ब्रिजला बसतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा गाव गुरुजी म्हणतो; एक कापसाचे व्यापारी; एक कंपाउंडर; आणि मी. नागपूरला कॉलेजात असताना गुरुजी हा खेळ शिकले आणि आम्हां तिघांना त्यांनीच शिकविला.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला तेरा पत्ते. प्रथम बोली होते: कोणता हुकूम धरून किती हात करणार. ज्या जोडीची बोली शेवटी टिकते तिच्यापैकी तो हुकूम प्रथम बोललेला खेळतो. पहिली उतारी झाली की त्याच्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडले जातात, त्यांना डमी म्हणतात. उरलेले दोघे त्याची बोली पाडण्यासाठी बचाव करतात. उतारीनंतर प्रत्येकाला आपले तेरा आणि डमीचे तेरा असे सव्वीस पत्ते दिसतात. उरलेले सव्वीस तर्काने ओळखावयाचे. एका माणसाच्या हाती येऊ शकणारे निरनिराळे डाव 63,501 कोटी 35 लाख 59 हजार 600 आहेत, त्यामुळे पाठांतराचा येथे उपयोग नाही. एखाद्या रंगाचे सहा पत्ते समोरच्या दोघांकडे असतील तर ते तीन-तीन असे शंभरांत सुमारे 36 वेळा आणि चार-दोन असे सुमारे 48 वेळा वाटले जातात. असे हिशेब मनात ठेवून, कोणी काय बोलले, काय टाकले, काय टाकले नाही, यावरून लपलेले चित्र उभे करणे हाच खेळाचा आनंद आहे.

त्या कोजागरीला गुरुजी चार इस्पिक खेळत होते. दहा हात व्हावयास हवे होते, म्हणजे तीन गमावणे परवडत होते. दोन आधीच गेले होते. सारा प्रश्न चौकटवर येऊन ठेपला. डमीत चौकटचे राजा आणि गुलाम असे दोनच पत्ते होते. गुरुजींच्या हातात दोन लहान होते. त्यांतून त्यांनी तिर्री टाकली. त्यांच्या डावीकडे मी. आता एक्का माझ्याकडे असेल तर त्यांनी डमीतून राजा टाकावयास हवा. राणी माझ्याकडे आणि एक्का माझ्या भिडूकडे असेल तर गुलाम. बरोबर ओळखले तर एकच हात जाईल, चुकले तर दोन. बोलीवरून किंवा आधीच्या पत्त्यांवरून काही कळण्यासारखे नव्हते.

माझ्या हातात चौकटची राणी, अठ्ठी आणि पंजी होती. अशा वेळी राणी वर टाकणारा माणूस अजून जन्मावयाचा आहे. म्हणजे विचार करण्यासारखे काहीच नव्हते. तरी मी थांबलो. एका पत्त्यावर बोट ठेविले, ते काढले, भुवया थोड्या आवळल्या, आणि मग पंजी टाकली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. एक्का घालावा की राखावा या विवंचनेत मी होतो, असे त्यांनी साहजिकच मानले आणि राजा टाकला. कंपाउंडरांनी एक्क्याने तो मारला, पुढे माझ्या राणीनेही हात केला, आणि चार इस्पिक एकाने पडले.

“वकीलसाहेब, पंजी टाकायला एवढा विचार कसला पडला हो?” गुरुजींनी हसत विचारले.

“तसं काही नाही, गुरुजी,” मी म्हणालो.

ते पुढचा डाव पिसू लागले. मसाला दूध आले, चंद्र वर आला, आणि माझी झोप मात्र उडाली.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे जोरकसपणे मांडतो, कारण ते मीच त्या रात्री स्वतःशी मांडीत होतो. समजा, माझ्या हातात खरोखरच एक्का असता आणि मी क्षणाचाही विलंब न लावता, शांतपणे, पंजी टाकली असती. गुरुजींनी एक्का माझ्याकडे नाही असे समजून गुलाम टाकला असता, आणि बोली पडली असती. त्या वेळी सगळे ‘वाहवा!’ म्हणाले असते. दोन्ही प्रसंगी पत्ता तोच, पंजी. दोन्ही प्रसंगी गुरुजींचा तर्क चुकविण्याचाच माझा हेतू. फळही तेच. मग एक कौशल्य आणि दुसरे पाप, हे कसे?

ब्रिजचा कायदा या ठिकाणी अगदी स्पष्ट आहे. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी 1925 साली एका जलप्रवासात या खेळाची आजची गुणपद्धती बसविली. तेव्हापासून त्याचे नियम वेळोवेळी सुधारले गेले. 2017 सालच्या नियमावलीतील 73 वे कलम सांगते की, बोलीने किंवा पत्त्याने प्रतिपक्षाला चकविण्यास हरकत नाही; मात्र शब्दाने, हावभावाने, घाईने किंवा रेंगाळण्याने चकवू नये. प्रतिपक्षाच्या वागण्यावरून जो अनुमान काढील तो स्वतःच्या जबाबदारीवर काढतो, असेही त्यात आहे; पण विनाकारण केलेल्या चाळ्याने एखादा फसला आणि तसे होईल हे करणाऱ्याला कळण्यासारखे होते, तर पंचाने गुण बदलून द्यावेत, असा पुढचा भाग आहे. मी पडलो वकील. यातला ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हा भाग मला त्या रात्रीच आठवला. पुढचा भाग आठवावयास सकाळ उजाडावी लागली.

परंतु नियम आहे म्हणून एवढ्यावर समाधान होत नाही. नियमामागचे कारण हवे. मला ते असे दिसते. पत्ता हा कोणतेही वचन देत नाही. पंजी पडली म्हणजे एक्का नाही, असे कोणी कोणाला कधी सांगितलेले नसते. पत्त्यांतून एकमेकांना चकवावे या करारावरच चौघे टेबलाशी बसलेले असतात. थांबणे हे मात्र खेळातले अस्त्र नव्हे. ते मनाचे नकळत उमटलेले चिन्ह. माणूस अडखळला तर त्याला खरोखर अडचण आहे, असे आपण मानतो, कारण मनुष्याच्या सहज वागण्यावर आपला विश्वास असतो. माझ्या पंजीने गुरुजींच्या तर्काशी झुंज घेतली असती. माझ्या थांबण्याने त्यांच्या विश्वासाचा फायदा घेतला. लपविणाऱ्यासमोर प्रतिपक्षाची बुद्धी जागी असते. फसविणारा मात्र ज्या बाजूने पहारा नसतो त्या बाजूने येतो, आणि तेथे पहारा नसतो याचे कारण समोरच्याने त्याला सज्जन मानलेले असते.

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला होता. भीमाच्या बोलण्यावर द्रोणाचार्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख अस्पष्ट स्वरात केला. शब्द तपासले तर एकही खोटा नाही. माझ्यासारखा वकील त्याला कोणत्याही न्यायालयातून निर्दोष सोडवून आणील. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. असत्य शब्दांत नव्हते, ते स्वरात होते. आणि ते फळले ते त्याच्या जन्मभराच्या सत्यनिष्ठेमुळे. भीम तेच ओरडला तेव्हा कोणी शस्त्र खाली ठेविले नाही. युद्धाची अपरिहार्यता पुढे करून त्याचा बचाव करता येतो. कोजागरीच्या पत्त्यांत मला तीही सोय नाही.

आमच्या बाजारातही हाच भेद रोज दिसतो. कमीत कमी किती भावाला कापूस सोडणार हे शेतकरी सांगत नाही. जास्तीत जास्त किती देणार हे व्यापारी सांगत नाही. दोघेही लपवितात, आणि दोघांनाही ते ठाऊक असते. पण गाडीच्या तळाशी ओला कापूस दडपला किंवा काट्यात खोट ठेवली की सौदा संपून फसवणूक सुरू होते. वकिलीचेही तसेच. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करू नये, असे 1872 च्या पुरावा कायद्याने सांगितले आणि 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते संरक्षण कायम ठेविले. मौन हा आमचा धर्म आहे. मात्र त्या मौनाच्या आड उभे राहून, खोटे आहे हे जाणत असताना ते न्यायाधीशांना खरे भासविणे, हा त्या धर्माचा भाग नाही.

भिड्याचे कर्तव्य तर याहून कठीण. माझा भिडू बोलीच्या वेळी बराच वेळ विचार करून ‘पास’ म्हणाला, तर त्याच्या हातात काहीतरी आहे हे मला कळून चुकते. मी ते मागितलेले नाही, त्यानेही मुद्दाम दिलेले नाही. तरी खेळाचा नियम सांगतो की, त्या ज्ञानाचा लाभ घेऊ नकोस, दुसरा सयुक्तिक मार्ग असेल तर तोच धर. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कागदांत वाचूनही न्यायाधीशाने तो आरोपीविरुद्ध धरावयाचा नसतो, तसेच हे. पाहणारा कोणी नसतो. आपणच आपले साक्षीदार.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील, परंतु मोठ्या स्पर्धांत याच गोष्टींनी खेळ हादरला आहे. 1965 साली ब्यूनोस आयर्स येथील जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांनी बदामचे पत्ते कळविल्याचा आरोप आला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी मानले. लंडनमध्ये सर जॉन फॉस्टर आणि जनरल लॉर्ड बोर्न यांच्या चौकशीत मात्र आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही, असे ठरले. अशा जोडीला मी दोषी म्हणणार नाही. पण 1975 साली जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांची तोंडे दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवा पडदा लावावा लागला, आणि त्याच स्पर्धेत पायांच्या खुणांचा आरोप आल्यावर टेबलाखालीही अडसर आला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलँड यांना 2015 साली आपल्याच पूर्वीच्या सहकाऱ्यांचे कपट जाणवले, तेव्हा त्यांनी ते उघडकीस आणले आणि त्यांच्यासह मिळविलेली विजेतेपदेही सोडून दिली. भारताच्या प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी 2018 साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळात सुवर्णपदक मिळविले, ते अशा पडद्यांच्या युगात. आमच्या टेबलावर पडदा नाही. तो लावण्याची पाळी आली, तर आम्ही खेळायला बसण्यात अर्थ उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे गेलो. ते अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. माझ्या हातात काय होते आणि मी का थांबलो, हे सांगितले. वहीतला तो डाव खोडावा, अशी विनंती केली.

“मला रात्रीच कळलं होतं,” ते म्हणाले. “राणी पडली तेव्हाच. वकीलसाहेब, मी विचारलं त्याच वेळी सांगितलं असतंत, तर खोडला असता. आता राहू द्या तो वहीत. आणि थांबायचंच असेल, तर डमी उघडली की तेव्हाच थांबून सगळा विचार करून ठेवत जा. मग पत्ता टाकताना हात अडत नाही, एक्का असला तरी आणि नसला तरी.”

वहीत तो डाव अजून तसाच आहे: चार इस्पिक, एकाने खाली. डमी उघडली की आता मी थोडा वेळ घेतो, आणि गुरुजी पत्त्यांवरची नजर न उचलता वाट पाहतात.