चर्चच्या रखवालदाराची गाणी

१९९६च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर ओअ‍ॅसिस या बँडने दोन रात्री गाणी म्हटली आणि अडीच लाख लोक ऐकायला लोटले. ब्रिटिश पॉपचा तो सगळ्यात मोठ्या आवाजाचा उन्हाळा. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, एका अनोळखी बँडच्या हजार तबकड्या काढल्या. बँडचं नाव बेल अँड सबॅस्टियन, अल्बम ‘टायगरमिल्क’, ध्वनिमुद्रण अवघ्या तीन दिवसांचं. नोव्हेंबरात त्यांचाच दुसरा अल्बम आला, ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’. दहा गाणी. त्यातलं पहिलं गाणं इतक्या हळू सुरू होतं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. मग एकेक वाद्य आत येतं, बऱ्याच उशिरा ट्रम्पेट येतो, आणि तोवर आवाज वाढवलेला असल्यामुळे आपण थोडे दचकतो. या दचकण्यात गंमत आहे, आणि ती योजून केलेली असावी असा माझा दाट संशय आहे.

या अल्बमचं कौतुक बहुतेक वेळा ‘किती सौम्य, किती हळुवार’ असं होतं. मला ते अर्धवट वाटतं. सौम्यपणा ही स्वतःहून काही मोठी गोष्ट नव्हे. औषधाच्या दुकानात वाजणारं संगीतही सौम्यच असतं. ‘सिनिस्टर’ इतकी वर्षं टिकला तो त्यातल्या मिस्कीलपणामुळे. आणि तो मिस्कीलपणा मोठ्या आवाजात गायला असता तर कुत्सित झाला असता. दोन्ही गुण एकमेकांना सांभाळतात, म्हणून दोन्ही खरे वाटतात.

स्टुअर्ट मर्डोक हा या गाण्यांचा कर्ता. विद्यार्थीदशेतच त्याला दीर्घ थकव्याचा आजार जडला आणि जवळजवळ सात वर्षं तो कामधंद्याच्या जगाबाहेर राहिला. त्या काळात तो गाणी लिहायला लागला. पुढे हाइंडलंडच्या पॅरिश चर्चची राखण करत तो चर्चच्या सभागृहाच्या वरच राहायचा. आजारी माणसाची गाणी म्हटल्यावर आपण ‘माझं दुःख’ ऐकायची तयारी करतो. इथे मात्र मर्डोक खिडकीशी बसून दुसऱ्यांकडेच बघतो: शाळेतले धावपटू, घोड्यांची स्वप्नं पाहणारी ज्यूडी, रेल्वेच्या डब्यात भेटलेला म्हातारा मेजर. स्वतःबद्दल बोलायची पाळी आली की पहिला चिमटा तो स्वतःलाच काढतो.

तो मेजर पाहा. जुन्या लष्करी शिस्तीचा माणूस आणि समोर केस वाढवलेला, कामधंदा नसलेला पोरगा. असल्या प्रसंगातून सोपं गाणं निघतं ते म्हाताऱ्याची टर उडवणारं. मर्डोकने दोघांनाही हास्यास्पद केलं आहे आणि दोघांनाही माणूस ठेवलं आहे. पोराला मेजरचा राग येतो, पण मेजरकडे सांगायला एक आयुष्य आहे आणि आपल्याकडे नाही, ही बोचही लपत नाही. गिटार आणि हार्मोनिका घोड्यावर बसल्यासारखी पळतात, त्यामुळे ही बोच चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना लक्षात येते. मर्डोकची पद्धतच ही. विनोदाच्या जागी तो आवाज बदलत नाही, डोळा मारत नाही, थांबतही नाही. लक्ष देऊन ऐकलंत तर तुमचं हसू, नाही तर नुसती चाल घेऊन जा.

अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून पडलं ते या पद्धतीचं सर्वांत धाडसी उदाहरण. त्यात आयुष्याला कंटाळलेली दोन तरुण माणसं आहेत, मृत्यू आहे, आणि मन अस्वस्थ असेल तर पाद्रीबाबांना भेटा हा सल्ला आहे. पाद्रीबाबांचा काडीचाही उपयोग होत नाही. एवढ्यावर हे धर्माची खिल्ली उडवणारं गाणं ठरलं असतं. पण लिहिणारा स्वतः श्रद्धावान आहे, चर्चच्या गायकवृंदात गाणारा आहे. बाहेर उभं राहून दगड मारणाऱ्याचा विनोद आणि घरात राहून घराच्या गळक्या छपराबद्दल बोलणाऱ्याचा विनोद यांत फरक असतो. हा दुसऱ्या जातीचा. म्हणून गाणं क्रूर गोष्टी सांगत असतानाही क्रूर होत नाही. सांत्वन मिळालं नाही याचं दुःख, ते मिळायला हवं होतं असं मानणाऱ्यालाच होतं.

या बँडवर कायमचा आक्षेप असा, की ही लाडिक, पुस्तकी, कॉलेजातल्या नाजूक पोरांची करमणूक आहे. आक्षेपात तथ्य आहे. ‘द बॉय डन राँग अगेन’ या गाण्यात मिस्कीलपणा पातळ होतो आणि लगेच हळुवारपणाचा चिखल होतो. पण ‘द फॉक्स इन द स्नो’मध्ये विनोद जवळजवळ नाहीच, तरी ते तरतं. का? कारण त्यातला आवाज स्वतःला कुरवाळत नाही. बर्फातल्या कोल्ह्याची, रस्त्यावरच्या मुलीची, सायकलवरच्या पोराची विचारपूस करत राहतो. म्हणजे खरा धोका सौम्यपणाचा नसून आत्मकरुणेचा आहे, आणि विनोद हा तिच्यावरचा एक उतारा.

शिवाय गाव कुठलं, हेही पाहायला हवं. ग्लासगो म्हणजे जहाजबांधणीचं, दणकट पुरुषांचं शहर, अशी त्याची ख्याती. तिथे नाजूक गाणं हा पळपुटेपणा नव्हता, शहराशी घातलेला वाद होता. तो १९८०च्या सुमारास पोस्टकार्ड रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण कंपनी आणि ऑरेंज ज्यूस हा बँड यांनीच सुरू केला होता. मर्डोक आणि मंडळींनी त्यात चेलो, व्हायोलिन आणि जास्त चांगल्या कथा घातल्या. सुरुवातीला ते मुलाखतीही टाळत, आणि तरी १९९९चं नवोदितांसाठीचं ब्रिट पारितोषिक, श्रोत्यांच्या मतांवर, स्टेप्ससारख्या लोकप्रिय गटाला मागे टाकून घेऊन गेले. मतदानात गडबड झाल्याची ओरडही झाली. इतक्या हळू बोलणाऱ्यांवर असा आरोप व्हावा हे त्यांच्याच एखाद्या गाण्यात शोभलं असतं.

मराठी कानाला हळू गाणं परकं नाही. भावगीताने आपल्याला ते चांगलंच शिकवलं. पण आपण हळवेपण भावगीताकडे दिलं आणि हसणं वगनाट्याकडे, विनोदी लेखांकडे. एकाच कडव्यात डोळे भरून यावेत आणि ओठाच्या कोपऱ्यात हसूही यावं, असं आपल्या गाण्यात फार क्वचित घडतं. ‘सिनिस्टर’ ऐकताना मला ही उणीव जाणवते.

मर्डोकला या अल्बमचं ध्वनिमुद्रण कधीच मनासारखं वाटलं नाही. २००५ साली लंडनच्या बार्बिकनमध्ये बँडने सगळी गाणी क्रमाने पुन्हा वाजवली आणि ते मुद्रण प्रसिद्धही केलं. वाद्यं स्वच्छ, गायन आत्मविश्वासाचं. पण समोर सगळे विनोद तोंडपाठ असलेला श्रोतृवर्ग बसलेला आहे हे गाणाऱ्याला माहीत असतं, आणि ते ऐकू येतं. १९९६च्या मुद्रणात बास थोडा कमी आहे, काही जागी आवाज कातर आहे. तरी हा अल्बम कुणाला पहिल्यांदा ऐकवायचा झाला तर मी तेच मुद्रण देईन.