पथ्य आणि उपवास

वयाची पन्नाशी ओलांडली की माणसाचे शरीर त्याच्याकडे हिशेब मागू लागते. आमच्याकडे तो दोन वर्षांपूर्वी मागितला गेला. सणाच्या मिस्साच्या वेळी वेदीच्या पायऱ्या चढताना आम्हांस धाप लागली. शेजारी उभ्या असलेल्या वेदीसेवक मुलांनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. पुढच्याच आठवड्यात गोरेगावातील परिचयाच्या एका डॉक्टरांनी आमचे रक्त तपासले, कमरेभोवती फीत धरली आणि शांतपणे सांगितले, "फादर, आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी. तुमची १०६ भरली. साखरही सीमेवर येऊन उभी आहे. आज औषध देत नाही. आधी ताट बदला."

धर्मगुरूचे पोट कसे वाढते, हे वाचकांना सांगावयास नकोच. बारसे असो, साखरपुडा असो, उंबराच्या पाण्याचा विधी असो वा कोणाच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव, फादरांचे ताट आधी वाढले जाते आणि त्यांचा नकार कोणी खरा मानीत नाही. त्यात रात्री दहापर्यंत चालणाऱ्या सभा आणि सभेनंतरचे चहा-फरसाण. आम्हीही नकार मनापासून कधी दिला नव्हता. तो प्रथमच मनापासून दिला आणि त्यातूनच या लेखाचा प्रश्न उभा राहिला.

पास्काच्या सणानंतर आम्ही घरे आशीर्वादित करण्यास निघालो होतो. आरे मार्गाच्या बाजूच्या एका चाळीत एक वृद्ध विधवा एकटी राहते. शेजारच्या इमारतींत पोळ्या लाटून ती आपला चरितार्थ चालविते. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले. तिने झाकून ठेवलेली बशी पुढे केली. बशीत चार फुगे होते व सोबत वाटीभर रस्सा. आम्ही म्हणालो, "मावशी, क्षमा करा. डॉक्टरांनी मनाई केली आहे." तिने बशी मागे घेतली, पदराने कड पुसली आणि म्हणाली, "असू द्या, फादर. मला अजून कुठल्या डॉक्टरने कमी खा म्हणून सांगितलं नाही."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. कदाचित म्हणूनच ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले. ज्याचे ताट भरलेले आहे, त्याने त्यातील अर्धे बाजूस सारले, तर ते पुण्य म्हणावे काय? की भरलेल्या ताटाची ती आणखी एक चैनच होय?

ज्या गोरेगावात आम्ही हा विचार करीत बसलो, त्या गोरेगावाला भुकेचा इतिहास नवा नाही. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. खेड्यापाड्यांतून माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, सुकडीवर जगली. शहरात शिधापत्रिकेवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. त्याच वर्षी गोरेगावातून विधानसभेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे व त्यांच्या सहकारी अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या वतीने मुंबईतील गृहिणींना रस्त्यावर आणले. हातात लाटणे व थाळी घेऊन निघालेले ते मोर्चे तेल, साखर आणि रॉकेल यांच्यासाठी होते. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. हे सारे आईच्या तोंडून ऐकले. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण ती टाकून देण्याची कोणाची छाती नव्हती, असे ती सांगे. आज त्याच गोरेगावात दुकानाच्या फळ्या साखरविरहित बिस्किटांनी भरल्या आहेत. एका पिढीने साखरेसाठी मोर्चा काढला. दुसरी पिढी साखर टाळण्यासाठी पैसे मोजते. मात्र मावशीच्या चाळीत पहिली पिढी अद्याप संपलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी म्हणेल, लठ्ठपणा हा खादाडपणाचाच परिणाम, मग त्यात नैतिक प्रश्न कसला? कमी खावे, संपले. हे म्हणणे जितके सोपे, तितकेच अन्यायाचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्याकडची नवजात बालके युरोपातील बालकांच्या मानाने वजनाने लहान असतात, परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी व चरबी तुलनेने जास्त असते, असे त्यांना आढळले. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची व वजन यांचे प्रमाण दाखविणारा दोघांचा अंक एकच होता, २२.३. अंगातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! जो अंक युरोपात निर्धास्त मानला जातो, तो आपल्याकडे तसा मानता येत नाही, तो यासाठी. म्हणूनच भारतीयांसाठी हा अंक २३ झाला की वजन अधिक आणि २५ झाला की लठ्ठपणा, अशी मर्यादा आपल्या वैद्यकांनी ठरविली आहे.

मातेच्या उदरातील कुपोषण पुढे प्रौढ वयात मधुमेहाची वाट सोपी करते, असा या अभ्यासाचा रोख आहे. म्हणजे आमच्या पोटाचा घेर हा सर्वस्वी आमच्याच जिभेचा अपराध नाही. आधीच्या पिढ्यांची उपासमारही त्यात उरलेली असू शकते. तेव्हा जाड माणसाकडे पाहून त्याच्या आत्म्याची परीक्षा करण्याचा अधिकार कोणासही नाही. मग आमच्या हाती राहते ते एवढेच की, पुढचा घास कसा घ्यावा.

या घासाविषयी ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रज्ञांनी बारकाईने विचार केलेला आहे. खादाडपणाचे पोप संत ग्रेगरी यांनी पाच प्रकार सांगितले व संत थॉमस अक्वायनस यांनी ते स्वीकारले: वेळेआधी खाणे, अति उंची खाणे, अति प्रमाणात खाणे, अधाशीपणे खाणे आणि अति चोखंदळपणे खाणे. सेमिनरीत हे पाठ करताना आम्हांस हसू येई. आता वाटते, प्रमाण हा पाचांतील केवळ एक प्रकार आहे. जो गृहस्थ वजन उतरविण्यासाठी घरच्यांच्या आमटीला नाके मुरडतो, परदेशी बियाणे व महागडी पिठे मागवितो, आणि ज्याच्या स्वतंत्र ताटासाठी पत्नीला दुसरी चूल पेटवावी लागते, त्याचे वजन उतरले तरी तो खादाडपणातून सुटला असे म्हणता येईल काय? त्याचे सारे लक्ष अद्याप ताटातच आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात याच अडचणीची कबुली दिली आहे. अन्न औषधासारखे घ्यावे हे त्यांना पटत होते. परंतु शरीराची गरज कोठे संपते आणि सुखाची ओढ गरजेचे सोंग घेऊन कोठे सुरू होते, हे त्यांना नेमके कळत नसे. एवढ्या थोर बुद्धीच्या पुरुषाला जे कळले नाही, ते आम्हांस भूक लागलेली असताना कळेल, ही आशा व्यर्थ होती.

यावर एक साधा उपाय संत इग्नेशियस यांनी सांगितला आहे. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आहाराविषयी आठ नियम आहेत. शेवटचा नियम असा की, पुढच्या जेवणात किती खावयाचे हे जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवावे आणि मग त्यापुढे जाऊ नये. भुकेला न्यायाधीश करू नये, हे त्यातील मर्म. आम्ही हा नियम धरला. दुपारी हात धुतल्यावरच रात्रीच्या भाकरीची संख्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सांगू लागलो. चहातील साखर गेली, सकाळचा लादीपाव गेला, सभेनंतरचे फरसाण गेले. त्यांच्या जागी नाचणीची भाकरी, पालेभाजी, डाळ आणि मासे आले. पहाटेच्या मिस्सानंतर आरे वसाहतीच्या झाडीतून पाऊण तास चालणे सुरू झाले. आठ महिन्यांत वजन सात किलोंनी उतरले, कंबर ९८ वर आली आणि वेदीच्या पायऱ्या पुन्हा सोप्या झाल्या.

महाराष्ट्रात अलीकडे दोनच वेळा जेवण्याचा पुरस्कार करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव घरोघरी पोहोचले आहे. मूळ विचार नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात, जेवण ५५ मिनिटांत संपवावे आणि मधल्या वेळी काही खाऊ नये, असा त्याचा सारांश. यातून अनेकांना लाभ झाला आहे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून असा बदल करू नये. २०२५ साली भूक मंदावणारी इंजेक्शनेही आपल्या देशात विक्रीस आली. ज्यांना ती वैद्यकीय गरज म्हणून दिली जातात, त्यांना कोणी दोष देऊ नये. औषधाने शमलेली भूक हे पाप नाही, तसे पुण्यही नाही.

आमच्या बाबतीत खरी अडचण वजन उतरल्यावर आली. लोक कौतुक करू लागले, आणि आम्हांस ते गोड वाटू लागले. एका लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या ताटातील तिसऱ्या वाढपाकडे आमची नजर गेली व मनात तुच्छता आली. त्याच क्षणी मंदिरात उभ्या असलेल्या त्या परूश्याची आठवण झाली. तोही आठवड्यातून दोनदा उपास करीत असे आणि तेच देवाला ऐकवीत होता. साखर सोडली, पण अहंकाराचा घास आम्ही रोज खात होतो.

पथ्य व उपवास यांतील भेद आम्हांस येथे उमगला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत आहे; म्हणजे आम्ही अजून त्यात मोडतो. त्या दिवशीचे आमचे ताट आणि डॉक्टरांनी सांगितलेले ताट आता जवळजवळ सारखेच असते. फरक वाचलेल्या घासाचा आहे. पथ्यात तो कोठे गेला हे कोणी विचारीत नाही. उपवासात ते विचारावेच लागते. यशया संदेष्ट्याने भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देण्यालाच उपवास म्हटले, आणि पोप संत लिओ आपल्या प्रवचनांतून सांगत की, उपवास करणाऱ्याने जे वाचविले ते गरिबाच्या ताटात पडावे.

याचा अर्थ पथ्य हलके असा मात्र नव्हे. पन्नाशीतील मनुष्य अंथरुणाला खिळला, तर त्याचा भार पत्नीवर, मुलांवर, शेजाऱ्यांवर पडतो. धर्मगुरूचा भार धर्मग्रामावर पडतो. आपल्या माणसांना आपले ओझे होऊ नये म्हणून सोडलेली साखर ही त्यांच्यावरील प्रेमाचाच भाग होय. विशेषतः आमच्या मातांना हे सांगावेसे वाटते. मुलांच्या ताटात उरलेले, कालचे शिळे, सारे अन्न "टाकणे पाप" म्हणून त्या स्वतः संपवितात, आणि पुढे गुडघे व साखर दोन्ही धरून बसतात. अन्न टाकू नये हे खरेच. परंतु आईचे पोट ही उरलेल्या अन्नाची टोपली नव्हे. मूठभर तांदूळ कमी शिजवावा. पाप टळेल आणि आईही टिकेल.

उरला मावशीचा प्रश्न. संत जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. पाहुणा आला की ते तपस्वी आपला नित्याचा उपवास मोडून त्याच्यासोबत जेवीत. उपवास सदैव आमच्यापाशीच आहे, पाहुणा मात्र निघून जाणार, असे त्यांचे म्हणणे. खुद्द प्रभू येशूला लोकांनी खादाड म्हणून हिणवले, कारण तो ज्याच्या त्याच्या पंक्तीला बसला. आमच्या पथ्याला एक फुगा जड नव्हता. आम्ही नियम कडक पाळला आणि माणूस दुखावला. चार नकोत, एक घेतो, असे म्हणता आले असते. रात्रीची एक भाकरी कमी केली असती की हिशेब पुरा झाला असता.

यंदा पास्कानंतर आम्ही पुन्हा त्या चाळीत गेलो. फरसाणाचे वाचलेले पैसे वर्षभर एका डब्यात साठविले होते. त्यांतून आणलेले तांदूळ व डाळ तिच्याकडे व आणखी दोन घरी आदल्या दिवशीच पोहोचले होते. कोणी पाठविले हे तिला सांगितले नव्हते. प्रार्थना झाली. झाकलेली बशी या वेळी पुढे आली नाही. आम्हीच विचारले, "मावशी, फुगे केले नाहीत?"

ती क्षणभर पाहत राहिली. मग आत जाऊन बशी घेऊन आली. आम्ही एक फुगा उचलून त्याचे दोन तुकडे केले व एक तिच्या हातावर ठेवला. ती प्रथम घेईना. फादर जेवल्याशिवाय आपण कसे खावे, हा तिचा संकोच. "डॉक्टरांनी अर्ध्याचीच परवानगी दिली आहे, मावशी," आम्ही म्हणालो. तेव्हा ती हसली, समोरच्या स्टुलावर बसली आणि आम्ही दोघांनी तो फुगा खाल्ला.