फुकट मिळालेल्या माफीचं काय करायचं?

त्र्यंबकेश्वरात वाढलं की पाप आणि हिशेब एकच वाटायला लागतात. आमच्या गल्लीत नारायण नागबळीसाठी लोक तीन-तीन दिवस मुक्कामाला असतात. कुणाला मूल होत नाही, कुणाचा धंदा बसलाय. कुठल्यातरी पूर्वजाची बाकी राहिलीय, ती विधी करून फेडायची आणि मोकळं व्हायचं. कुशावर्तात बुडी मारणाराही आपल्या परीनं काहीतरी फेडतच असतो.

म्हणून चर्चची मूळ श्रद्धा समजून घेताना मी अडखळले. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक. येशू क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. हे ऐकून माहीत होतं. अडले ते पुढे: माणसाला स्वतःचं पाप फेडताच येत नाही. येशूनं ते आधीच फेडलंय. आपण विश्वास ठेवायचा, बस. याला म्हणतात कृपा.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यातली काही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत, काही फक्त जाणत्या माणसांना. नव्या चर्चनं दोन्ही रीती ठेवल्या. मला यात कृपेचे दोन्ही अर्थ दिसतात. बाळानं काहीच कमावलेलं नसतं, तरी त्याला मिळतं. आणि मिळत असलं, तरी 'हो' आपलं आपणच म्हणायचं असतं.

पण माफी फुकट असेल, तर चांगलं वागायचं कशाला? आणि ज्याचं मी नुकसान केलं, त्याचं काय? माझ्या वतीनं माफ करणारा देव कोण?

पहिल्या प्रश्नाचा धागा आमच्याच ब्रह्मगिरीवर आहे. गौतम ऋषींवर गोहत्येचं पाप आलं, त्यांनी तप केलं, गोदावरी उतरली. तप एकाचं, पाणी सगळ्यांचं. म्हणजे न कमावता मिळणं आपल्यालाही परकं नाही. प्रश्न उरतो तो मिळाल्यानंतरचा.

तिथे मला लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवतो. लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू आपणहून त्याच्या घरी जातो, लोक कुरकुरतात. मग जक्कय उठून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन. क्रम बघा. आधी स्वीकार, मग परतफेड. माफी विकत घेण्यासाठी तो पैसे देत नाही. माफी मिळाल्यावर त्याला ते पैसे जवळ ठेववत नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, इथून जवळच गोदाकाठच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांना शांती मिळाली असेल. तिची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी भरली. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे विसरता येत नाही. कृपा घेणाऱ्याला फुकट असते, शेजारच्याला असतेच असं नाही.

त्यांचं स्वतःचं बदलणं मात्र वेगळ्या दारानं आलं. जात देवानं केली की माणसानं, याचा विचार करत आधी त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. त्रिएक देव समजण्याआधी कुणाच्याही हातचं पाणी चालायला लागलं.

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन असंही नाही. पण आता मला वाटतं, देव माझं खातं पुसू शकत असेल, तर ते त्याचं आणि माझं. ज्याला मी दुखावलं त्याच्या दारात मलाच जायचंय, आणि तिथे माफी मिळेलच अशी हमी कुठलाच धर्म देत नाही. नागबळीचे तीन दिवस संपवून घरी परतणाऱ्यांनाही कुणीतरी हे सांगायला हवं.