हाक आणि टोकणं

लिनक्सच्या टर्मिनलवर ओळ रिकामी असताना बॅकस्पेस दाबलं की माझा जुना संगणक 'पीं' करतो. पुसायला काही उरलेलं नाही हे मला दिसतंच आहे, तरी तो बजावतो. टॅब दाबल्यावर फाइलचं नाव सापडलं नाही, तरी पुन्हा पीं. घरात सगळे झोपलेले असताना या आवाजाचा मनस्वी राग येतो.

तेच यंत्र बंद होताना मात्र फार शहाण्यासारखं वागतं. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ते आधी 'सिगटर्म' पाठवतं, म्हणजे 'आवरतं घ्या'. मग थांबतं; हे चालू-बंद सांभाळणाऱ्या सिस्टमडीची नेहमीची मुदत ९० सेकंदांची. तरीही जो हलत नाही त्याला 'सिगकिल', आणि तिथे विनवणीला जागा नाही. स्मृतीत अडकलेला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मगच वीज तुटते. हे सगळं न होता वीज गेली तर काय होतं, हे भारनियमनाची वर्षं काढलेल्या नाशिककराला सांगायला नको.

मला वाटायचं, या सभ्य यंत्रात तो पीं कुठून तरी घुसला आहे. तसं नाही. एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनलं जोडलेली असत, तेव्हा तो बंद करण्याआधी सगळ्यांना कळवावं लागे. 'वॉल' ही आज्ञा प्रत्येकाच्या पडद्यावर निरोप टाकायची आणि सोबत दोन घंटा वाजवायची. आस्कीमधला ७ क्रमांकाचा संकेत म्हणजे हीच घंटा. टेलिप्रिंटरवर ती खरीखुरी, धातूची होती. 'दहा मिनिटांत बंद होतंय' हे ऐकून माणूस आपलं काम जपून ठेवू शके. याला मी हाक म्हणतो. ऐकल्यावर काही करता येण्याइतका वेळ हातात उरतो, ती हाक. जे घडून गेलं, दिसूनही गेलं, तेच पुन्हा ऐकवणं म्हणजे टोकणं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या एका मित्राला हा भेद मान्य नाही. यंत्रानं आवाज करणं हाच त्याच्या मते अडाणीपणा. पडद्यावर लिहावं, गरज असेल तो वाचेल. नवा संगणक हाती आला की तो आधी 'पीसीस्पीकर' हे स्पीकर वाजवणारं मॉड्यूल काळ्या यादीत टाकतो. उबुंटूनं हेच मुळातून करून ठेवलं आहे. त्या यादीत शेजारी कारणही दिलंय: आवाज कुरूप आहे, मोठा आहे, सगळ्यांच्या डोक्यात जातो. मित्र ही नोंद कोर्टाच्या निकालासारखी दाखवतो.

त्याचा मुद्दा नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, तपासून पाहावा. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पुराचं माप देतो, तेही तोंडातून अक्षर न काढता. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. एवढ्यावर शहराला काय ते कळतं. पलीकडे नारोशंकराच्या देवळात (बांधकाम १७४७चं) पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, वसईच्या १७३९च्या विजयाची खूण. गावभर ऐकू जाणाऱ्या आवाजाच्या माणसाला आपण तिचंच नाव देतो. मित्र अर्थातच मारुतीच्या बाजूचा. पण मारुती कळतो तो त्याच्याकडे बघणाऱ्याला. भांडी बाजारात नदीकडे पाठ करून गिऱ्हाईक करणाऱ्याला तो काय सांगणार? डोळ्यांना दिशा लागते, कानांना लागत नाही.

इथवर मी जिंकत होतो, आणि इथेच माझाही भेद डळमळला. डोळे दुसरीकडे असण्याचा मुद्दा मांडताना डोळे नसण्याचा विचार टाळता येईना. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या 'नॅब'च्या महाराष्ट्र शाखेचं ठाणं याच शहरात आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्कासारख्या प्रोग्रामच्या मदतीनं लिनक्स चालवणाऱ्या माणसाला रिकाम्या ओळीवरचा तो पीं काय सांगतो? ओळ संपली, आता पुसू नकोस. टॅब चालला नाही, नाव पुन्हा टाइप कर. म्हणजे त्याला ऐकून पुढचं काही करता येतं. माझ्याच कसोटीवर ती हाक ठरते. आवाज तोच, क्षण तोच. टोकणं होतं ते फक्त मला. मी आवाजांची वर्गवारी करत होतो. ती ऐकणाऱ्यांची करायला हवी होती.

मग आवाज बंद करायचा की नाही? करायचा, पण कुठे, हे पाहून. आपल्या घरच्या फोल्डरातल्या 'इनपुटआरसी' फाइलमध्ये घंटेची शैली 'नन' लिहिली की आपल्या बॅशपुरता टॅब-बॅकस्पेसचा पीं थांबतो. दुसऱ्या खात्यातल्या माणसाचा थांबत नाही आणि बंद होण्याच्या इशाऱ्याची घंटाही शाबूत राहते. मॉड्यूल काढलं की त्या स्पीकरचा आवाज सगळ्यांचाच जातो, हाकेसकट. एकाच खोलीत तीस यंत्रं पीं-पीं करू लागली तर काय, हा मित्राचा प्रश्न रास्त आहे. तिथे ज्याला पीं नको, त्यानं तो आपल्या खात्यापुरता थांबवावा. पण यंत्र सामायिक असेल, तर ज्याच्या हाती रूटचा पासवर्ड आहे त्यानं मॉड्यूलला हात लावण्याआधी इतर खात्यांतल्या माणसांना विचारावं. बंद करताना ते यंत्र एकेका प्रोग्रामला विचारतं. त्याच्या मालकानं निदान माणसांना तरी विचारायला हरकत नसावी.